सेरेसचा हात, अन्नपूर्णेची पळी

आईच्या बॅगेतून आधी लोणच्याची बरणी निघाली, मग मेतकूट, मग गोडा मसाला, आणि सगळ्यात शेवटी जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली तिची अन्नपूर्णा. बरणीवर साधा ओरखडाही नव्हता. अन्नपूर्णेचा पळी धरलेला हात मात्र मनगटापासून तुटून कापडात सुटा पडला होता.

आई तिथेच जमिनीवर बसली. अंगठ्याएवढी ती पितळी मूर्ती तिने तळहातावर घेतली, तुटलेला हात मनगटाला लावून पाहिला, परत लावून पाहिला. तो बसायचा अगदी बरोबर, पण बोट काढलं की खाली. मी म्हटलं, "आई, त्यात काय? डाख देऊन आणते. कळणारसुद्धा नाही." मी जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, धातूचे सांधे तपासण्यातच माझा जन्म चाललाय. इतका बारीक सांधा म्हणजे मला हातचा मळ वाटला.

"खंडित ती खंडित," आई म्हणाली. "तुझ्या डाखेनं सांधा जुळेल गं. देवपण कसं जुळेल?"

मला राग आला. तेवढ्याशा पितळेपायी प्रवासाने दमलेल्या बाईने तोंड पाडून बसावं, हे मला पटेना. पण मग तिने सांगितलं की ही मूर्ती तिने स्वतःसाठी आणलीच नव्हती. माझ्यासाठी आणली होती.

आमच्याकडे लग्नात आई मुलीला अन्नपूर्णा देते. मुलगी सासरी जाते ती अन्नपूर्णा घेऊन. माझं लग्न बर्लिनच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत झालं. मी तिथे पीएचडी करत होते, नवरा इथलाच, आणि त्याच आठवड्यात मिरजेला बाबा अतिदक्षता विभागात. माझ्याकडून कुणी आलं नाही. कचेरीतल्या बाईंनी अभिनंदन केलं, आम्ही सह्या केल्या, बाहेर येऊन गाडीवर उभ्याने डोनर कबाब खाल्ला आणि यू-बानची भुयारी गाडी पकडून घरी गेलो. बाबा त्यातून उठले ते अर्धेच, पुढची सगळी वर्षं आईचा पाय घरातून हलला नाही. ते गेल्यावर पहिल्यांदाच ती माझ्याकडे येत होती आणि येताना राहिलेलं देणं घेऊन आली होती. नवी मूर्ती बाजारातून कुणीही आणतं. ही तिला तिच्या आईने दिलेली होती. "हिनं माझा सगळा संसार बघितलाय," ती म्हणाली. "म्हटलं, आता तुझा बघू दे. पण तिला यायचंच नव्हतं बघ."

आईच्या व्हिसाचे तीन महिने त्या वाक्याने सुरू झाले. तिने अन्नपूर्णेला पुन्हा कापडात गुंडाळून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. खंडित मूर्तीची पूजा करता येत नाही, आणि पाण्यात सोडायची म्हटलं तर तिचा हात उठत नव्हता. रोज आमच्यासाठी रांधायची, जावईबापूंना आग्रह करकरून वाढायची, आणि स्वतः दोन घास खाऊन उठायची. बोलले की म्हणायची, "अगं, मला काय होतंय?" पण दंडावर ब्लाउज ढिला पडत चालला होता तो मला दिसत होता. बाबांच्या मागे मिरजेच्या घरात ती एकटीच. तिथे परत जाऊन ती अशीच दोन घासांवर राहणार, या विचाराने माझ्याच घशाखाली घास उतरेना.

आमच्या लेकीला त्या वर्षी ग्रीक आणि रोमन देवांनी झपाटलं होतं. शाळेत लॅटिन सुरू झालेलं. सकाळी दूध पिता पिता झ्यूसची भानगड, आंघोळीला जाताना मेडुसाचे केस, गाडीत बसल्यावर हर्क्युलीसची कामं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजी मराठीत विचारणार, नात जर्मनमध्ये सांगणार, आणि मध्ये मी. झ्यूसच्या बायकांची यादी आईने ऐकून घेतली आणि म्हणाली, "विचार तिला, ह्याला दुसरा काही उद्योग होता का?"

एका रविवारी पाऊस लागून राहिला होता. नवरा त्याच्या आईकडे गेलेला. लेकीने हट्ट धरला म्हणून आम्ही तिघी नेकार नदीच्या काठाने वर एका लहान गावातल्या संग्रहालयात गेलो. आमचा हा सगळा भाग एके काळी रोमन साम्राज्याच्या कडेला होता. अजूनही कुणी द्राक्षमळ्यात खोल खणलं, कुणी तळघराचा पाया काढला, की एखादा देव वर येतो. मी तिथे आधी दोनदा गेले होते, लेकीच्या शाळेच्या सहलीबरोबर. तेव्हा मी दगडावरच्या छिन्नीच्या खुणा पाहिल्या होत्या आणि हत्यार कोणतं असेल याचा विचार केला होता.

आई दारातच थबकली. आत दिव्यांच्या झोतात सगळे उभे होते. घोड्यावर बसलेला ज्युपिटर, त्याच्या टापांखाली पायांच्या जागी साप असलेला राक्षस. राक्षस शाबूत होता, ज्युपिटरला डोकं नव्हतं. नाक उडालेला मर्क्युरी. हर्क्युलीसचा नुसता खांदा आणि गदा.

"अगं, हे सगळे खंडित आहेत," आई हळूच म्हणाली. "आणि टाकून नाही दिले? दिवे लावून ठेवलेत?"

आणि तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

दाराशी बसलेले पांढऱ्या मिशांचे आजोबा लगबगीने उठले. गावातलेच निवृत्त गृहस्थ, हौसेने तिकिटं द्यायचे आणि माहिती सांगायचे. बूट काढू नका, फरशी गार आहे, असं ते मला सांगू लागले. मी म्हटलं, देवांसमोर ती बूट घालून जाणार नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, मग मागे वळून त्या दगडांकडे पाहिलं. "अस्सं," ते म्हणाले, "असं इथे आजवर कुणी केलं नाही." आणि त्यांनी आईचे बूट उचलून आपल्या खुर्चीखाली नीट जोडीने ठेवले.

लोकरीचे मोजे घातलेली माझी आई पदर सावरत पुढे, आणि आम्ही दोघी मागे. का कोण जाणे, लेकीनेही बूट काढले. मग मीही काढले. तळपायाला दगड लागला आणि एकदम सगळं निराळं झालं. मी ज्याला वाळूचा दगड म्हणत होते त्याच्यासमोर कुणीतरी पहाटे उठून उभं राहिलं होतं, हात जोडून, किंवा त्यांच्यात जसं करत असतील तसं. आजारी पोर घेऊन. पेरणीच्या आधी. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात त्या दिवसापर्यंत शिरली नव्हती, आणि आता शिरली तर छातीत मावेना.

अगदी आतल्या भिंतीशी एक देवी बसली होती. मांडी घालून नव्हे, आसनावर पाय खाली सोडून, आईएवढीच मोठी. चेहरा झिजून गुळगुळीत झालेला. मांडीवर फळं, कणसं, काठोकाठ. डावा हात फळांवर, आणि उजवा मनगटापासून नाही. तो हात शेजारी काचेच्या पेटीत ठेवला होता. मुठीत गव्हाच्या लोंब्या होत्या.

आई किती वेळ त्या मनगटाकडे बघत राहिली. मग तोंडावर हात नेला.

"त्सेरेस!" लेक ओरडली आणि लगेच आवाज खाली आणला. रोमन लोकांची सेरेस, ग्रीकांची डिमीटर, धान्याची देवी. जगातली सगळी शेतं हिची. मग तिथेच उभ्याने तिने आजीला गोष्ट सांगितली, जर्मनमध्ये, आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत ओढत राहिले. डिमीटरला एकच मुलगी होती, पर्सेफनी. ती फुलं वेचत असताना जमीन फाटली आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून घेऊन गेला. आईला पत्ता नाही. ती देवीपण सोडून हातात मशाल घेऊन रानोमाळ फिरली. जेवली नाही, आंघोळ केली नाही, आणि पीक उगवू द्यायचं बंद केलं. माणसं उपाशी मरायला लागली तेव्हा देवांचा राजा झ्यूस घाबरला आणि त्याने मुलीला परत पाठवायला सांगितलं. पण निघायच्या आधी पर्सेफनीने पाताळातले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं खाल्लं की तिथलं व्हावं लागतं. म्हणून आता वर्षातले काही महिने ती आईकडे येते, तेव्हा शेतं हिरवी होतात, आणि उरलेले महिने पाताळात, तेव्हा हिवाळा.

आईने सगळं ऐकून घेतलं. "आईचंच चुकलं तिच्या," ती म्हणाली.

"आज्जी!" लेक चिडली.

"चुकलंच. धान्याची देवी म्हणवते, आणि लेकीजवळ डब्यात काही दिलं नव्हतं? बरोबर डबा असता तर ती कशाला त्याचं डाळिंब खाईल?"

लेक हसत सुटली, आजोबाही मी सांगितल्यावर हसले. मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. मी पहिल्यांदा बर्लिनला निघाले तेव्हा आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. विमानातलं जेवण मी परत केलं होतं. बर्लिनच्या खोलीवर मी त्या दशम्या पुरवून पुरवून खाल्ल्या, शेवटची तर वाळून कडक झाली होती. मग डबा संपला. खाली बेकरीत जाऊन मी इथला ब्रेड आणला, आणि मग मी इथलीच झाले. आई माझ्याकडे बघत होती. दोघींनाही कळलं की दोघींना तेच आठवतंय.

आजोबा जवळ आले. ही मूर्ती विहिरीत सापडली, त्यांनी सांगितलं. इथून जवळच एक रोमन शेतवाडी होती, तिच्या विहिरीत. अशा पुष्कळ मूर्ती या भागात विहिरींतूनच निघतात. शत्रू आले तेव्हा त्यांनी फेकल्या असतील, नाहीतर पुढे नवा धर्म आला तेव्हा जुन्या देवांना फोडून टाकलं असेल, असं साधारण मानतात.

मी आईला सांगितलं. तिने विचारलं, "हात कुठे सापडला, विचार."

आजोबा म्हणाले, तीच तर गंमत आहे. हात विहिरीच्या तळाशी तिच्या शेजारी होता, एका मातीच्या वाडग्यात. वाडगा फुटलेला नव्हता. आणि मूर्ती उताणी, आकाशाकडे तोंड करून.

आई जराशी हसली, आल्यापासून पहिल्यांदाच तसं. "वाडग्यात घालून कुणी फेकतं का? सांग त्यांना. तिचा हात तुटला. खंडित झाली. मग घरच्या बाईनं तुटलेला हात वाडग्यात ठेवला, दोराला बांधून देवी खाली सोडली आणि मागून वाडगा सोडला. फेकली नाही. विसर्जन केलंय तिचं."

मी विसर्जनाला जर्मन शब्द शोधत अडखळले. लेकीने मला बाजूला सारलं आणि आजोबांना भराभर समजावलं, हातांनी दोर सोडत सोडत, की भारतात तुटलेला देव प्रेमाने पाण्यात ठेवतात, कारण तो पाण्यात परत जातो. आजोबांनी टोपी काढली. ते काचेतल्या मुठीपाशी वाकले.

"शक्य आहे," ते म्हणाले. "असं म्हणणारे आमच्यातही थोडे आहेत. पण आम्ही कुणी तिथे नव्हतो."

आणि मला वाटलं, कुणीतरी होतं. विहिरीच्या काठाशी वाकलेली एक बाई, जिचं नाव, भाषा, चेहरा, काहीही कुणाला माहीत नाही, आणि मिरजेहून आलेली माझी आई. मधे एवढी शतकं, एवढी राज्यं, एवढे धर्म, आणि हाताला कळलेली गोष्ट एकच. दोर हळू सोडायचा. हात वेगळा राहू द्यायचा नाही. मी आयुष्यभर मोजमापांवर विश्वास ठेवला, पण समोर होतं ते कशात मोजायचं मला सुचेना. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला, सेरेसला वाकून नमस्कार केला, आणि तिच्या मागे, कुणी न सांगता, लेकीने.

गाडीत आई काचेतून नदी बघत होती. घर जवळ आल्यावर तिने विचारलं, "ही नदी पुढे कुठे जाते?"

"र्‍हाईनला मिळते. पुढे समुद्राला."

"समुद्राला मिळते ना? मग झालं."

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही नेकारवर गेलो. मोठ्या पात्रातून जहाजं जातात, तिथे नाही; जरा खाली नदीचा एक जुना फाटा आहे, उथळ, तळाशी गोट्यांचा, काठाला वाळुंजाची झाडं झुकलेली. मी सारखी मागे बघत होते. या देशात नदीत चहाचा कप विसळलात तरी ऑर्डनुंगसआम्टचं, म्हणजे नियम बघणाऱ्या कचेरीचं, पत्र येईल अशी मला धास्ती. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, "मॉर्गन" म्हणाली, आम्हीही "मॉर्गन" म्हटलं.

आईने घरी उत्तरपूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवली होती. काठावर तिने कापड सोडलं. तुटलेला हात अन्नपूर्णेच्या मांडीवर ठेवला आणि लाल दोऱ्याने वेढे देऊन बांधून टाकला. पळी आता तिच्या कुशीत होती. मग पिशवीतून केळीच्या पानाचा छोटा पुडा काढला. आशियाई दुकानातून मी गोठवलेलं पान आणून दिलं होतं, कशाला ते विचारलं नव्हतं. आत दहीभात होता.

"आई, ही अन्नपूर्णा," मी म्हटलं. "जगाला जेवू घालणारी. हिला कसली शिदोरी देतेस?"

"तिलाही कुणीतरी द्यायला नको?" आई म्हणाली. "वाटेत कुणाचं काही खाऊन बसली म्हणजे?"

बूट काढून, साडी वर खोचून ती पाण्यात उतरली. पाणी बर्फासारखं गार असणार, पण तिने तोंड वाकडं केलं नाही. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने लेकीने. आईने वाकून दोन्ही हात पाण्यात नेले, तळापर्यंत, आणि तिथे हळूच उघडले. पितळ एकदा चमकलं आणि गोट्यांत दिसेनासं झालं. दहीभाताचे दाणे पसरले, मासोळ्या आल्या. मला ती विहीर दिसत होती, वरून खाली जाणारा दोर, आणि पाण्यात अजून कुणालाच माहीत नसलेला पुढचा काळ, ज्यात कधीतरी कुणी इथे खणेल आणि अंगठ्याएवढी एक देवी वर येईल, हात कुशीत बांधलेली. दोरा तेवढा उरणार नाही. मग ते लोक काय तर्क करतील ते त्यांचं ते बघतील.

आपल्याकडे विसर्जन करून मोकळ्या हाताने परतत नाहीत. पाटावर वाळू आणतात. आईने पाण्यातून उठताना मूठभर गोटे उचलले, तळहातावर निवडले आणि त्यातला एक ठेवला. करडा, सुपारीएवढा, गुळगुळीत.

काठावर येऊन तिने पाय पुसले. मला समोर उभं केलं, कुंकवाची डबी काढली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्या ओंजळीत तांदूळ घातले, आणि तांदळावर तो गोटा ठेवला. आमची कुलदेवी अशीच आहे, नाक नाही डोळे नाहीत, नुसता गोल दगड. तांदळा म्हणतात तिला. लहानपणी मी विचारलं होतं, ही कोणती देवी, हिला तर हातच नाहीत.

"घे," आई म्हणाली. "ही इथलीच आहे. हिला इथलं सगळं चालेल. आणि हिला ना हात, ना पळी. हिचं काय तुटणार?"

मला रडू फुटलं. मग ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "झालं बाई एकदाचं तुझं लग्न. संध्याकाळी जावईबापूंना सांग."

लेक खो खो हसली. आई हसली. आणि मग तिने पिशवीतून दुसरा डबा काढला, आमच्यासाठी आणलेला दहीभात, आणि ओल्या गवतावर बसून जेवायला लागली. मी ओंजळ तशीच धरून उभी होते. ती खात होती. दोन घासांवर थांबली नाही.